विस्तव न लागणारी चिलीम

‘श्री गजानन विजय’चा चौथा अध्याय विदर्भात कित्येकांना जवळपास पाठ असतो. प्रकट दिनाच्या आधी इथे मनीषनगरात एकेका इमारतीत पारायणं लागतात, आणि ज्यांनी पोथी कधी हातात धरली नाही त्यांच्याही कानावर जानकीराम सोनाराची गोष्ट पडते. मी तो अध्याय अलीकडे एक अगदी साधा प्रश्न घेऊन पुन्हा वाचला. चिलीम ओढायला नेमकं काय काय लागतं?

हा प्रश्न मला एका यंत्रामुळे पडला. आमच्या इमारतीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा राहतो. त्याच्याकडे कोणीतरी बाहेरून आणून दिलेला ड्राय हर्ब व्हेपोरायझर होता. वस्तू मुठीत मावणारी, काळी, गुळगुळीत. दाखवताना तो म्हणाला, “दादा, याला काहीच लागत नाही. भरा, बटण दाबा, झालं.” त्याच्या आवाजात अभिमान होता. फोनवर तो अशा यंत्रांचे परीक्षणाचे व्हिडिओ तासन्‌तास पाहायचा. त्या परीक्षणांमध्ये सगळ्यात मोठी शाबासकी हीच असते की वस्तू डब्यातून काढली तशी पुरते, वर काही विकत घ्यावं लागत नाही, काही बदल करावे लागत नाहीत.

‘काहीच लागत नाही’ हे कौतुक कुठून येतं आणि त्यात काय दडलेलं असतं, हे मला दोन पोथ्यांत आणि एका डायरीत सापडलं. त्याबद्दल हा लेख.

यंत्र आणि चिलीम

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. वाळलेली पानं-फुलं जाळली की धूर होतो. त्यात डांबर असतं, कार्बन मोनॉक्साइड असतो. पेटलेल्या टोकाशी तापमान कित्येकशे अंशांवर जातं. व्हेपोरायझर पानं जाळत नाही. एका छोट्या भट्टीत ती साधारण 180 ते 210 अंश सेल्सियसपर्यंत तापवतो. त्या तापमानाला पानातली हवी ती द्रव्यं वाफ होऊन बाहेर येतात आणि पान करपट तपकिरी होऊन मागे उरतं. काही यंत्रांत भट्टीची भिंतच पानाला चटका देते, काहींत गरम हवा पानातून खेळवली जाते. जर्मनीच्या टुटलिंगेन गावातल्या श्टोर्झ उंड बिकेल या कंपनीचा ‘व्होल्केनो’ 2000 च्या सुमारास बाजारात आला तेव्हा तो टेबलावर ठेवायचा मोठा शंकू होता आणि वाफ फुग्यात भरून घ्यावी लागे. पुढे यंत्र खिशात आलं. पण खिशातल्या यंत्रालाही जोडण्या लागायच्याच: पान बारीक करायची चक्की, बदलायच्या जाळ्या, काचेचं तोंड, वाफ गार करायला पाण्याची नळी. म्हणून ज्याला यातलं काहीच लागत नाही, ते यंत्र उत्तम ठरतं.

धूर कमी म्हणजे फुप्फुसावरचा भार कमी, इथपर्यंत ठीक. पण नशा तीच आणि तिची सवयही तीच. भारतात तर प्रश्न आणखी सरळ आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बेकायदा आहे. 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या इतकी रुंद आहे की पदार्थ तापवून त्याची वाफ ओढायला देणारी विजेवरची साधनंही तिच्यात येतात, मग त्यात निकोटिन असो वा नसो. त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, सगळं बंद आहे.

आता चिलीम. मातीची, निमुळती, दोन्हीकडून उघडी नळी. दिसायला याहून साधी वस्तू नाही. पण ती एकटी काहीच करू शकत नाही. वरून भरलेली तंबाखू किंवा गांजा खाली घसरू नये म्हणून आत एक खडा लागतो. तोंडाशी लावायच्या टोकाला छापी लागते, म्हणजे ओल्या फडक्याची घडी. तिच्यामुळे ओठ भाजत नाहीत आणि राख घशात जात नाही. छापी भिजवायला पाणी लागतं. आणि सगळ्यात आधी लागतो विस्तव. आगपेटी घरोघरी येण्याआधी विस्तव ही मागून आणायची गोष्ट होती. ज्याची चूल आधी पेटेल त्याच्याकडून निखारा आणायचा आणि आपली चूल लावायची. म्हणजे चिलमीला जोडण्या होत्याच, फक्त त्या दुकानात मिळत नसत.

जानकीरामाची बाजू

शेगावात बंकटलाल अग्रवाल यांच्या घरी महाराज आहेत. अक्षय्य तृतीयेचा दिवस. महाराज पोरांना चिलीम भरायला सांगतात, पण घरची चूल अजून पेटलेली नाही. आळीत जानकीराम सोनार आहे. सोनाराची बागेसरी, म्हणजे शेगडी, सकाळी लवकर पेटते. पोरं त्याच्याकडे विस्तव मागायला जातात आणि तो नाही म्हणतो. सणाच्या दिवशी विस्तव देत नाही, हे त्याचं पहिलं कारण. पोरं म्हणतात, साधूसाठी हवा आहे. मग तो साधूचीच टर उडवतो. त्याच्या बोलण्याचा रोख असा: एवढा समर्थ असेल तर दुसऱ्याच्या दारात विस्तव कशाला मागतो? स्वतःच का निर्माण करत नाही?

पारायण करणाऱ्यांना जानकीराम खलनायक वाटतो. मला त्याचा प्रश्न रास्त वाटतो. तर्काने पाहिलं तर त्याला उत्तर द्यायला हवं. पोथी उत्तर देते, पण तर्काने नाही. महाराज बंकटलालला सांगतात, चिलमीवर नुसती काडी धर. बंकटलाल म्हणतो, घासल्याशिवाय काडीतून अग्नी कसा निघेल? महाराज म्हणतात, घासायची गरज नाही. चिलीम पेटते.

इथे पोथी थांबली असती तर हा एक साधा चमत्कार राहिला असता. पण पुढे जानकीरामाच्या घरी पंगत बसते, चिंचवण्यात किडे दिसतात, पाहुणे उठून जातात, सगळं अन्न वाया जातं. जानकीराम बंकटलालकडे येऊन क्षमा मागतो. महाराज म्हणतात चिंचवणं चांगलं आहे, आणि ते खरंच चांगलं निघतं.

बहुतेक वाचक यातून धडा घेतात तो भीतीचा: साधूची निंदा करू नका, अन्नात किडे पडतील. दासगणूंची रचनाही त्या अर्थाला जागा देते, हे मान्य करायला हवं. पण गोष्टीतच एक गाठ आहे, ती भीतीच्या अर्थाने सुटत नाही. महाराजांना विस्तवाची गरज नव्हती हे पोथी स्वतःच दाखवते. म्हणजे जानकीरामाचा तर्क बरोबर होता. समर्थाला मागायची गरज नसते. मग त्यांनी मागितलंच कशाला?

मला याचं एकच उत्तर पटतं. ज्याला गरज नाही त्याने मागितलं, तर ते देणाऱ्यासाठी मागितलेलं असतं. पोरं निखारा आणायला आळीत गेली, तेव्हा त्या सोनाराला एका नात्यात बोलावलं गेलं होतं. त्याने दार लावलं. आणि त्याला शिक्षा मिळाली ती नेमकी पंगतीत, जिथे माणसं एकमेकांच्या घरचं खातात. विस्तव द्यायला नकार, मग अन्न कोणी घेईना. हा सूड म्हणून वाचला तर गोष्ट लहान होते. हिशेब म्हणून वाचला तर ती फार नेमकी आहे. दारातून विस्तव बाहेर गेला नाही, तर पंगतही दारातच मोडते.

मराठीत याला शब्दच आहे. दोघांचं पटत नसेल तर आपण म्हणतो, त्यांच्यात विस्तव जात नाही. गॅस आणि लायटरच्या काळातही आपण हे बोलतो. नातं आहे की नाही, हे ठरवायची खूण या भाषेने विस्तवाचं येणं-जाणं ही धरली. जानकीरामाची गोष्ट म्हणजे या वाक्प्रचाराचं सविस्तर आख्यान आहे.

चिमटा, सटका, छापी

दुसरी पोथी गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत यांचं ‘श्री साईसच्चरित’. 53 अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. दाभोलकर 1929 मध्ये वारले, तोवर तो जवळजवळ पूर्ण झाला होता. पाचव्या अध्यायात औरंगाबादकडच्या धूप गावचा चांद पाटील आपली हरवलेली घोडी शोधत, खोगीर खांद्यावर टाकून चालला आहे. आंब्याखाली बसलेला एक फकीर त्याला हाक मारतो आणि जवळच्या नाल्याकडे बघायला सांगतो. घोडी तिथेच चरत असते. मग फकीर चिलीम तयार करतो. पण दोन गोष्टी नाहीत: विस्तव आणि छापी भिजवायला पाणी. फकीर चिमटा जमिनीत खुपसतो, निखारा निघतो. सटका आपटतो, पाणी येतं. छापी भिजते, चिलीम पेटते. फकीर ओढतो आणि चांद पाटलाला देतो.

दासगणू आणि शिर्डी यांचा संबंध जुना. गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे हे त्यांचं मूळ नाव. पोलिसातली नोकरी, तमाशाची आवड, मग साईबाबांची भेट आणि पुढे आयुष्यभर कीर्तन. शिर्डी संस्थानाचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. ‘गजानन विजय’ त्यांनी शके 1861 मध्ये, म्हणजे 1939 साली लिहिला. महाराजांच्या समाधीला तेव्हा 29 वर्षं झाली होती. एकाने दुसऱ्याचा प्रसंग उचलला असा माझा दावा नाही. दोन्ही पोथ्या एकाच हवेत वाढल्या, एवढं पुरे.

फरक मात्र पाहण्यासारखा आहे. हेमाडपंतांच्या प्रसंगात कोणी नकार देत नाही, कारण तिथे शेजारीच नाही. वाट आहे, झाड आहे, अनोळखी माणूस आहे. म्हणून चमत्कारात शिक्षा नाही. दुसरं म्हणजे हेमाडपंत तपशिलाला पक्के. चमत्कार करायचाच होता तर चिलीम आपोआप पेटली असं लिहिता आलं असतं. पण त्यांचा फकीर छापीसुद्धा नीट भिजवून घेतो. कृतीतली एकही पायरी गळत नाही. विस्तव आणि पाणी कुठून आलं एवढंच बदलतं. चिलीम भरण्याची रीत तशीच राहते. आणि शेवटची पायरी आहे पुढे देण्याची. ती नसती तर चांद पाटील नुसता प्रेक्षक राहिला असता. चिलीम हातात आली म्हणून तो यजमान झाला आणि फकिराला आपल्या गावी घेऊन गेला.

म्हणजे दोन्ही पोथ्यांत ‘काहीच न लागणारी’ चिलीम आहे. आमच्या इमारतीतल्या मुलाच्या यंत्रासारखीच: बाहेरचा विस्तव नको, बाहेरचं पाणी नको. पण दोन्ही ठिकाणी हा स्वयंपूर्णपणा माणसांच्या मध्येच घडतो. शेगावात काडी धरायला बंकटलाल लागतो. आंब्याखाली दुसरा झुरका घ्यायला चांद पाटील लागतो.

अमरावतीच्या वकिलाची नोंद

पोथीला चमत्काराची गरज असते, डायरीला नसते. म्हणून तिसरा मजकूर मला फार महत्त्वाचा वाटतो. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, नामांकित वकील, टिळकांचे सहकारी. 1911 च्या डिसेंबरपासून 1912 च्या मार्चपर्यंत ते शिर्डीत राहिले आणि रोज इंग्रजीत डायरी लिहीत गेले. कोण आलं, कोण गेलं, आरतीला कोण होतं, बाबा काय बोलले, अशा कोरड्या नोंदी. त्यात एके दिवशी ते लिहितात की बाबांनी आपली चिलीम मला पुन्हा पुन्हा ओढायला दिली आणि माझ्या पुष्कळ शंका फिटल्या.

एवढंच. कुठली शंका, कशी फिटली, काही नाही. वकिलाच्या हातून असा पुरावा नसलेला निकाल वाचताना मी थबकलो. पण इथे काय घडतंय ते नीट पाहा. ज्या काळात पाणी कोणाच्या हातचं प्यायचं हे जात ठरवायची, त्या काळात एक ब्राह्मण वकील मशिदीत बसून एका फकिराची उष्टी चिलीम तोंडाला लावतो. शंका तंबाखूने फिटल्या असतील असं मला वाटत नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. जुनं सगळं मायेचं होतं असं हे प्रकरण नाही. चिलमीच्या बैठकीलाही कुंपणं होती. वाळीत टाकणं म्हणजे हुक्का-पाणी बंद करणं. म्हणजे ज्या गोष्टी वाटून घ्यायच्या त्याच शस्त्र व्हायच्या. बायकांना त्या बैठकीत जागाच नव्हती. आणि बैठकीत बसून संसार धुळीला मिळवलेले पुरुष गावोगाव होते. शिर्डीची नोंद मोलाची वाटते, कारण तिथे नेमकं कुंपणच मोडलेलं दिसतं.

व्यसनाचा प्रश्न

गांजा ओढणारी पोरं महाराजांच्या तसबिरीकडे बोट दाखवतात हे आपल्याकडे नवीन नाही. पोथीला हा धोका माहीत असावा, कारण तिने तो आधीच हाताळला आहे. तिसऱ्या अध्यायात काशीहून आलेला एक गोसावी आहे. त्याने महाराजांना गांजा अर्पण करण्याचा नवस केला आहे, पण चारचौघांत सांगायला लाजतो. महाराजच त्याला बोलतं करतात. गोसावी विनवतो की माझी आठवण म्हणून याचा स्वीकार करा. महाराज आधी थोडे अडखळतात, मग आई लेकराचा हट्ट पुरवते तसं मान्य करतात. तिथून ती प्रथा सुरू झाली, पण महाराज व्यसनाधीन नव्हते, असं पोथी सांगते.

संशयी वाचक म्हणेल, ही सारवासारव आहे. असेलही. दासगणूंसारख्या कीर्तनकाराला समोरच्या श्रोत्यांची कुजबुज ऐकू येत असणारच. पण सारवासारव करताना त्यांनी निवडलेलं कारण बघा. औषध म्हणून, समाधी लागावी म्हणून, अशी कारणं देता आली असती. त्यांनी दिलं ते कारण दुसऱ्याची आठवण. गजानन महाराज चिलीम ओढतात ती गोसाव्यासाठी. आणि विस्तव मागतात तो, माझ्या वाचनात, जानकीरामासाठी. स्वतःला काही हवं म्हणून केलेली एकही कृती पोथी त्यांच्या नावावर लावत नाही. तसबिरीकडे बोट दाखवणाऱ्याने ही अट पाळून दाखवावी. पोथीत निर्व्यसनीपणाचा निकष पदार्थ कोणता हा नाही. ओढणं कोणासाठी आहे, हा आहे. हा निकष तुम्हा-आम्हाला झेपणारा नाही, आणि म्हणूनच तो सवलत देत नाही.

दार लावलेली खोली

आता त्या मुलाकडे येतो. त्याच्या यंत्राला विस्तव लागत नव्हता, छापी लागत नव्हती, धूर होत नव्हता, वासही जेमतेम. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पानठेल्यावर उभं राहून खर्रा घोटून घेणारा मुलगा निदान चारजणांना दिसतो. ठेलेवाला ओळखतो, बापाच्या कानावर घालतो, काकूंपर्यंत बातमी जाते. पूर्वी ठेल्यावर विडी पेटवायला जळती सुतळी टांगलेली असायची. तिच्यापाशी अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांसाठी थांबत. या मुलाच्या बाबतीत कोणी बघणारंच नव्हतं. दार लावलेली खोली, मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावरची, आत अभ्यास चालू आहे अशी सगळ्यांची समजूत. त्याने परीक्षा दिलीच नाही हे घरी कळलं ते निकालाच्या दिवशी. काकू आमच्याकडे येऊन एवढंच म्हणाल्या, “आवाज नाही, वास नाही, मला कळावं तरी कसं?”

आता तो समुपदेशनाला जातो. त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे. एकदा त्याला जानकीरामाची गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, “म्हणजे मी जानकीरामच झालो की. कोणाला काही देणं नाही, कोणाकडून काही घेणं नाही.” मी या अध्यायावर वाचलेल्या कुठल्याही निरूपणापेक्षा मला हे वाक्य जवळचं वाटतं.

वस्तूचं परीक्षण करताना आपण विचारतो, हिला वेगळं काय घ्यावं लागेल? कमी लागेल तितकी वस्तू चांगली. मोबाईलच्या कव्हरपुरता हा प्रश्न ठीक आहे. पण नशेचं साधन जेव्हा ‘काहीच लागत नाही’ म्हणून मिरवतं, तेव्हा ते कोणाकोणाला वगळतं तेही मोजायला हवं. चिलमीच्या जोडण्या गैरसोयीच्या होत्या: विस्तवासाठी शेजार, पाण्यासाठी विहीर, दुसऱ्या झुरक्यासाठी दुसरा माणूस. या गैरसोयींनी कितीजण वाचले ते सांगता येणार नाही, आणि त्यांनी चिलीम निरुपद्रवी केली असंही नाही. पण माणूस बुडत असेल तर ते कोणालातरी दिसायचं.

पोथ्यांचं टीकात्मक वाचन म्हणजे चमत्कार खरा की खोटा याचा निवाडा, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. भाविक एका बाजूला, विवेकवादी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांमध्ये विस्तव जात नाही. माझा अनुभव असा की चमत्कार बाजूला ठेवून नुसती सामग्री मोजली, खडा, छापी, काडी, निखारा, तरी पोथी बोलायला लागते. दासगणूंनी 1939 साली ओवीत बांधलेल्या त्या सकाळी, आगपेटीच्या आधीच्या शेगावात, एका सोनाराने पोरांना रिकाम्या हाती परत पाठवलं. पुढच्या पारायणात चौथा अध्याय आला की किड्यांपाशी दचकण्याआधी त्या दारापाशी थोडं थांबा. पोरं अजून तिथे उभी आहेत आणि बागेसरी पेटलेली आहे.